औषधपेटी एक नको, दोन करा

घरात औषधांचा एक डबा असतोच. त्यात तापाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, पिळून सपाट झालेली मलमाची ट्यूब, कोणासाठी आणले होते ते आठवत नाही असे डोळ्यांचे थेंब, उघड्यावर पडलेला कापूस आणि गोंद सुकलेल्या चार चिकटपट्ट्या. डबा भरलेला दिसतो, पण बोटाला सुरी लागून रक्त गळायला लागलं की त्यातलं एकही धड हाताला लागत नाही. दोन अगदी उलट गरजांचं सामान एकाच डब्यात कोंबल्याने हा घोटाळा होतो.

मलमपट्टीचं सामान घरातल्या कोणालाही, आठ वर्षांच्या मुलालासुद्धा, चटकन काढता आलं पाहिजे. गोळ्या-औषधं मात्र त्याच मुलाच्या हाती लागता कामा नयेत. डबा एकच ठेवला तर तो एक तर उंच माळ्यावर जातो आणि वेळेला सापडत नाही, किंवा खालच्या खणात राहतो आणि एखाद्या दुपारी लहान मूल गोड सिरपची बाटली तोंडाला लावतं. म्हणून पेट्या दोन: मलमपट्टीची उघडी, औषधांची कुलुपातली.

मलमपट्टीची पेटी

बुटांच्या खोक्याएवढा, घट्ट झाकणाचा, पारदर्शक प्लास्टिकचा डबा पुरतो. जागा स्वयंपाकघराच्या दाराशी. कापणं आणि भाजणं जास्त करून तिथेच होतं. पण शेगडीच्या वरच्या कपाटात नको, उष्णतेने चिकटपट्ट्यांचा गोंद पाघळतो. न्हाणीघरात तर नकोच, दमटपणाने पाकिटं मऊ पडतात. चार माणसांच्या घराला साधारण एवढं लागतं:

- निर्जंतुक गॉजचे तुकडे, १० × १० सेंमी, प्रत्येक वेगळ्या पाकिटात: १०
- जाड निर्जंतुक पॅड, जास्त रक्तासाठी: २
- गॉजचं गुंडाळी बँडेज: ५ सेंमी रुंद २, १० सेंमी रुंद २
- क्रेप बँडेज: ८ सेंमीचं १, १० सेंमीचं १
- लहानमोठ्या चिकटपट्ट्या: २०
- कागदी चिकटपट्टीचं रीळ, २.५ सेंमी: १
- पॅराफिनची, जखमेला न चिकटणारी जाळी: ३
- त्रिकोणी पट्टी, हात गळ्यात अडकवायला: १
- सलाईनच्या एकदाच वापरायच्या छोट्या कुप्या, १० ते २० मिली: ५
- पोव्हिडोन आयोडीनचं मलम, ५ टक्के: १ ट्यूब
- नायट्राईलचे हातमोजे: ४ जोड
- बोथट टोकाची कात्री, तिरक्या टोकाचा चिमटा, ६ सेफ्टी पिना, छोटा टॉर्च, साबणाची वडी

यादीत कापूस नाही, तो मुद्दामच गाळला आहे. ओल्या जखमेवर कापूस ठेवला की त्याचे तंतू रक्तात रुततात. दुसऱ्या दिवशी ते ओढून काढताना धरलेली खपली निघते आणि जखम पुन्हा वाहते. पुसायलाही गॉजच बरा.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिटही ठेवू नका. फेस आला, झोंबलं, म्हणजे औषध लागू पडलं असं वाटतं. पण त्याने जंतूंसोबत भरून येणारी कातडीही जळते. खरचटलं, कापलं तर नळाच्या वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पाच मिनिटं धरायचं, आत माती-खडे राहिले तर चिमट्याने काढायचे, भोवतालची कातडी साबणाने धुवायची. बहुतेक जखमांना एवढं पुरतं. सलाईनच्या कुप्या नळ जवळ नसेल तेव्हासाठी. मोठी बाटली स्वस्त पडते खरी, पण त्या पाण्यात जंतू रोखणारं काही नसतं. एकदा उघडली की ती २४ तासांत टाकावी लागते. पोव्हिडोन आयोडीन थायरॉइडचा विकार असलेल्यांना आणि तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

कात्री बोथट टोकाची का? भाजलेल्या किंवा मोडलेल्या हातावरची बाही कापताना तिचं खालचं पातं कातडीलगत सरकतं. टोकदार कात्रीने नवी जखम होते. आणि ही कात्री पेटीतून निघून पार्सलं कापायला जायला लागली की परत येत नाही, तेव्हा दोऱ्याने डब्यालाच बांधून ठेवा.

रक्त थांबवण्याचं खरं साधन घड्याळ. हातमोजे चढवा, गॉजची घडी किंवा पॅड जखमेवर ठेवा आणि तळहाताने घट्ट दाबून धरा. पूर्ण दहा मिनिटं. मध्ये "थांबलं का" म्हणून उचलून पाहायचं नाही, कारण धरू लागलेली गुठळी तेवढ्याने सुटते आणि वेळ पुन्हा शून्यापासून मोजावी लागते. पहिला गॉज भिजला तर तो न काढता वर दुसरा ठेवा आणि आणखी जोर लावा. दहा मिनिटांनीही वाहतंच आहे, रक्त उसळून येतंय, जखमेच्या कडा उघड्या राहताहेत किंवा आत काच-लोखंड रुतलंय, तर टाके घालायला न्यायचं. रुतलेली वस्तू घरी उपटू नका. रक्ताला बूच तिचंच असतं. घोळणा फुटला तर डोकं मागे टाकायचं नाही. माणसाला पुढे वाकवून बसवा आणि नाकाचं हाड संपल्यावरचा मऊ भाग दोन बोटांत १० ते १५ मिनिटं दाबून धरा.

भाजल्यावरही वेळच महत्त्वाची. नळाखाली २० मिनिटं. दोन मिनिटांनी आग कमी वाटते आणि माणूस हात काढून घेतो, पण कातडीच्या आतल्या थरात उष्णता तशीच असते आणि ती खोलवर पोळत जाते. भाजून तीन तास होईपर्यंत थंड पाण्याचा उपयोग होतो, म्हणून उशीर झाला तरी धराच. अंगठी, कडं, घड्याळ सुजायच्या आधी काढा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तेल नको. नंतर झाकायला अन्न गुंडाळायची पातळ पारदर्शक फिल्म उत्तम: रिळाचा पहिला वेढा फेकून द्या आणि पुढचा तुकडा भाजलेल्या जागेवर लांबीने पसरा. हाताभोवती गुंडाळू मात्र नका, सूज आल्यावर ती आवळते. फोड फोडायचे नाहीत. भाजलेला भाग त्या माणसाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठा असेल, किंवा चेहरा, सांधे, पंजे, जननेंद्रियं भाजली असतील, किंवा भाजणं विजेचं वा रसायनाचं असेल तर दवाखाना.

क्रेप बँडेज घराघरांत असतं आणि बहुतेक चुकीचं बांधलेलं असतं. मुरगळलेल्या घोट्याला ते बोटांच्या मुळापासून सुरू करून वर चढवायचं. वरून खाली आणलं तर सूज पंजात अडकते. पाऊल काटकोनात ठेवा, पावलावर दोन वेढे घ्या, मग घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घेत नडगीकडे जा. प्रत्येक वेढ्याने मागच्याची अर्धी रुंदी झाकली पाहिजे, आणि बँडेज जेवढं ताणता येतं त्याच्या निम्मंच ताणा. टोक चिकटपट्टीने बसवा. सोबत येणाऱ्या त्या दातेरी धातूच्या क्लिपा पायाला टोचतात आणि अंथरुणात हरवतात. बांधून झाल्यावर पायाच्या अंगठ्याचं नख दाबा. पांढरं झालेलं नख सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. तसं झालं नाही, किंवा बोटं गार, निळसर वा बधिर वाटली, तर सोडून सैल बांधा. झोपताना काढून ठेवा.

साबणाची वडी पेटीत कशाला, असं वाटेल. ती कुत्र्या-मांजराच्या चाव्यासाठी. चावा किंवा ओरखडा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जायचं, जखम केवढीही किरकोळ असली तरी. घट्ट पट्टी बांधू नका. सापाच्या चाव्याला मात्र पेटीतलं काहीही लागू नाही: आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही. हात-पाय न हलवता झोपवून थेट रुग्णालयात.

कुलुपातली पेटी

ही पेटी लहान ठेवा. जेवढी औषधं जास्त, तेवढा घोळ जास्त. कुलूप नसेल तर उंचावरच्या कपाटाला मुलांना न उघडणारी कडी तरी हवी. जागा कोरडी आणि अंधारी, तापमान २५ अंशांच्या आसपास, ३० च्या वर नको. लेबलवर लिहिलं असेल तरच फ्रीज.

मोठ्यांसाठी पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅच्या १० ते १५ गोळ्या, ॲलर्जीसाठी सेटिरिझिन १० मिग्रॅच्या १० (सुस्ती येते, घेऊन गाडी चालवू नये), आम्लपित्ताची चघळायची गोळी, खाजेला कॅलामाइन, ओआरएसची पाकिटं निदान सहा. मुलं असतील तर पॅरासिटामॉलचं सिरप, झिंकच्या गोळ्या आणि ५ मिलीची तोंडाने औषध द्यायची सुई नसलेली सिरिंज. आयबुप्रोफेन ठेवलं तरी ते दुसऱ्या क्रमांकाचं औषध समजा: पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण, जुलाब-उलट्यांनी आलेला कोरडेपणा, यांत ते टाळावं. डेंग्यूची शंका असेल तर अजिबात नाही, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. तेव्हा फक्त पॅरासिटामॉल.

पॅरासिटामॉल इतकं ओळखीचं की त्याचीच मात्रा सर्वांत जास्त चुकते. मोठ्यांना एका वेळी ५०० ते १००० मिग्रॅ, दोन मात्रांत निदान चार तास, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांतही तेच असतं, त्यामुळे तापाची गोळी आणि सर्दीची गोळी मिळून नकळत दुप्पट जातं. मागची बाजू वाचायची सवय ठेवा.

मुलांची मात्रा वयावर नाही, वजनावर: किलोमागे १० ते १५ मिग्रॅ, चार ते सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. आता बाटल्या हातात घेऊन पाहा. एका सिरपवर ५ मिलीत १२० मिग्रॅ असतं, दुसऱ्यावर ५ मिलीत २५० मिग्रॅ, आणि बाळांच्या थेंबांत १ मिलीत १०० मिग्रॅ. मूल १२ किलोचं असेल तर १५ मिग्रॅच्या हिशेबाने १८० मिग्रॅ हवं. पहिल्या सिरपचं ते साडेसात मिली होतं, दुसऱ्याचं ३.६ मिली आणि थेंबांचं जेमतेम १.८ मिली. "आमच्याकडे साडेसात मिली देतात" एवढंच लक्षात ठेवून कोणी थेंबांच्या बाटलीतून साडेसात मिली दिलं तर पोटात ७५० मिग्रॅ गेलं, म्हणजे हव्या त्याच्या चौपट. म्हणून घरात एकाच तीव्रतेची एकच बाटली ठेवा आणि तिच्यावर ठळक चिठ्ठी चिकटवा: मुलाचं वजन, तारीख, किती मिली. वजन दर तीन महिन्यांनी बदलतं, चिठ्ठीही बदला. चहाचे चमचे ५ मिलीचे असतीलच असं नाही. सिरिंज म्हणूनच ठेवायची, आणि ती गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू दाबायची, घशात सरळ नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तर घरी औषध देऊन वाट पाहू नका, तडक डॉक्टर.

ओआरएसचं पाकीट घेताना एक लिटरचं की २०० मिलीचं ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्राचं एक लिटरचं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं आणि ऑस्मोलॅरिटी (द्रावणात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) २४५ लिहिलेली असते. चूक नेहमी एकाच ठिकाणी होते: लिटरच्या पाकिटातली चिमूटभर पूड पेल्यात टाकून द्यायची. पाकिटात मीठ आणि ग्लुकोज सारखं मिसळलेलं नसतं, त्यामुळे त्या चिमटीत काय आलं ते कळत नाही. द्रावण दाट झालं तर आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर, उकळून गार केलेलं पाणी. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना प्यावंसं वाटेल तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा ५ मिलीचा. तयार गोड पेयं यात बसत नाहीत, त्यांत साखर जास्त आणि क्षार कमी असतात. झिंक सहा महिन्यांवरच्या मुलांना रोज २० मिग्रॅ, त्याखालच्यांना १० मिग्रॅ, १० ते १४ दिवस. जुलाब थांबले तरी पुरे करायचे. जुलाब बांधणारी गोळी मुलांना देऊ नये, मोठ्यांनीही शौचात रक्त किंवा सोबत ताप असताना घेऊ नये.

ॲस्पिरिनची गोष्ट वेगळी. १६ वर्षांखालच्यांना तापासाठी ती द्यायची नाही, रेय सिंड्रोम नावाचा मेंदू-यकृताचा घातक विकार होऊ शकतो. पण मोठ्या माणसाच्या छातीत दाबल्यासारखी कळ येऊन ती हातात, जबड्यात पसरत असेल, तर आधी रुग्णवाहिका बोलवा आणि मग ३०० मिग्रॅच्या आसपासची गोळी चावून खायला द्या. गिळून ती उशिरा भिनते. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटात रक्तस्राव असेल तर नको. आणि तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळणारं असेल तर तो पक्षाघात असू शकतो, तेव्हाही नको.

काही औषधं या कुलपाआड असूच नयेत. दम्याचा पंप आणि त्याची स्पेसर नळी, तीव्र ॲलर्जी असलेल्याचं ॲड्रेनालिनचं तयार इंजेक्शन, हृदयरुग्णाची जिभेखाली ठेवायची गोळी, मधुमेह्याचं १५ ग्रॅम ग्लुकोज: ही त्या माणसाजवळ किंवा घरातल्या सर्वांना ठाऊक असलेल्या, पण लहान मुलांचा हात न पोचणाऱ्या जागी हवीत. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं नसतं. जिभेखालच्या गोळ्या मूळ बाटलीतून डबीत काढल्या की त्यांचा जोर उतरतो. अंगावर गांधी उठून श्वास घुसमटत असेल तर सेटिरिझिनवर वेळ घालवू नका, ते त्या कामाचं नाही. रोजच्या औषधांचा साठा निदान सात दिवस पुढचा असावा.

आणि हे आजच काढून टाका: अर्धवट राहिलेली अँटिबायोटिक, आधीच्या दुखण्याचे डोळ्यांचे थेंब (त्यात स्टिरॉइड असेल आणि डोळ्याला विषाणूचा संसर्ग असेल तर बुबुळाला इजा होते), खाज-नायटा-पुरळ सगळ्यावर चालतं म्हणून आणलेलं मिश्र मलम, पट्टीतून सुटलेल्या बेवारस गोळ्या.

उपकरणांपैकी डिजिटल थर्मामीटर हवाच. पाऱ्याचा फुटला तर पारा गोळा करणं ही वेगळीच आफत होते. काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा थोडं कमी दिसतं, म्हणून नोंदताना जागाही लिहा. त्याची बॅटरी बटनासारखी असते, बहुधा एलआर४१. जास्तीची ठेवा, पण याच कुलपात. मुलांनी अशी बॅटरी गिळणं ही आणीबाणी असते. रक्तदाबाचं यंत्र दंडाचं घ्या, मनगटाचं नको, आणि पट्टा दंडाच्या घेराला साजेसा हवा. आखूड पट्टा दाब खोटाच वाढवून दाखवतो. ऑक्सिमीटर गार बोटांवर आणि नेलपॉलिशवर चुकतो.

झाकणाच्या आतला कागद

दोन्ही पेट्यांच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा. घरातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मसाल, वजन, ॲलर्जी, रोजची औषधं आणि मात्रा. खाली रुग्णवाहिका, डॉक्टर, शेजारी यांचे नंबर, आणि घराचा पूर्ण पत्ता खुणेसह. स्वतःच्या घराचा पत्ता कशाला, असं वाटतं. पण फोन करणारा पाहुणा किंवा घाबरलेलं मूल असेल तर तोच आधी लागतो. विष पोटात गेलं तर काय करायचं, तेही दोन ओळींत लिहा: उलटी काढायची नाही, बाटली सोबत न्यायची.

तपासणी वर्षातून दोनदा. मुदतीचा फक्त महिना छापलेला असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. पण ती तारीख बंद बाटलीची. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर चार आठवड्यांनी टाकायचे, पाणी घालून बनवलेलं अँटिबायोटिक सिरप बहुतेक सात दिवसांनी. उघडलं की मार्करने बाटलीवर तारीख टाका. गोळ्यांची पट्टी कापून ठेवताना नाव आणि मुदत असलेला तुकडाच नेमका फेकला जातो, म्हणून छपाईच्या उलट टोकाकडून गोळ्या काढत जा. गॉजचं पाकीट एका कोपऱ्याला उसवलं असेल तर तो गॉज निर्जंतुक राहिला नाही; तो पुसायला वापरा आणि नवा भरा.

जुनी औषधं परत घेण्याची सोय असेल तर तिथे द्या. नसेल तर गोळ्या पट्टीतून काढून माती किंवा वापरलेल्या चहापत्तीत कालवा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका; पट्टीवरचं नाव खोडा. संडासात ओतू नका. दम्याचा संपलेला पंप जाळू किंवा भोसकू नका, तो फुटतो. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट करून, वर "सुया" असं लिहून वेगळ्या द्या.